इकडून, तिकडून

टप. स्टुलावरच्या ओल्या फडक्यातून पाण्याचा थेंब फरशीवर पडला, तेव्हा कुठे खोलीतली माणसं हलली: ती, तिच्या सासूबाई, दीर आणि लेक.

मूर्तिकाराने अलगद फडकं सोडवलं. आत मातीचं डोकं होतं, टोपीसकट. लढाईत गेलेल्या तिच्या नवऱ्याचं.

"माझं लेकरू गं," सासूबाई म्हणाल्या आणि चष्मा पुसायला लागल्या.

"नीट बघून घ्या," मूर्तिकार म्हणाला. "उद्या साचा करतोय. एकदा धातू ओतला की माझ्याही हातात काही नाही. चौकात जन्मभर हेच तोंड राहणार."

समोरून तो तोच होता. मूर्तिकाराला दिलेला फोटो समोरूनच काढलेला होता ना! बाजूने काढलेला एकही घरात सापडला नव्हता. बाजूने कोण कुणाचा फोटो काढतं? मग बाजूच्या चेहऱ्यासाठी धाकट्या दिराला रोज खुर्चीवर बसवलं होतं.

"मान धरली माझी, वहिनी," दीर म्हणाला. "दादा कवायतीतसुद्धा एवढा ताठ राहिला नसेल." कुणीच हसलं नाही, तसा तो मान चोळायला लागला.

ती स्टुलाला वळसा घालून बाजूला आली. काहीतरी चुकत होतं.

तिच्यामागून लेक डोकावली. "हे तर काका!"

"गप गं. बाबा आहेत तुझे," सासूबाई म्हणाल्या.

"तिकडून बाबा. इकडून काका."

दिराने मान खाली घातली. मूर्तिकाराने अंगठा पाण्यात बुडवला. "बोला ताई. नाक उतरवू? हनुवटी आत घेऊ? माती अजून ऐकतेय."

"आता खोट काढू नकोस बाई," सासूबाई हळूच म्हणाल्या. "मला तो दिसतोय ह्यात."

पण तिच्या पोरीला पुढे बाप म्हणून हेच दिसणार होतं. तिने डोळे मिटले. ह्याच बाजूला ती इतकी वर्षं निजली होती. उशीवरचं ते तोंड आपल्याला झोपेतही सांगता येईल, असं तिला वाटायचं. उशी आठवली. अभ्र्याची उसवलेली शिवण आठवली. मानेवरचा ऊन श्वासही आठवला. नाकापाशी पोचली की मात्र भिंतीवरचा फोटोच समोर यायचा, आणि काही केल्या तो वळत नव्हता.

मूर्तिकाराचा अंगठा हवेत तसाच थांबला होता.

लेकीने तिचा हात ओढला. "आई, तू सांग ना त्यांना. इकडून बाबा कसे होते?"