तिकडची सुट्टी

“आज आमच्याकडे सुट्टी आहे,” तिने डब्याचं झाकण लावता लावता सांगितलं.

“आज? कसली?” नवऱ्याने विचारलं.

“कुठलीशी लढाई जिंकले होते म्हणे.”

“चैन आहे बुवा तुमची. आमचे लोक मेले एक लढाई धड जिंकत नाहीत.”

दोघं एकाच इमारतीत कामाला होती. कानाला हेडफोन लावून ती एका देशातल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायची, तो दुसऱ्या देशातल्या. ज्या देशाचं काम, त्या देशाच्या सुट्ट्या. त्यामुळे या घरात ‘आमच्याकडे’ आणि ‘तुमच्याकडे’ म्हणजे सासर-माहेर नव्हे, तर दोघांनीही कधी न पाहिलेले दोन देश. कुठल्या तरी राजाच्या वाढदिवसाला ती पडदे धुवायची. कुणाच्या तरी स्वातंत्र्यदिनी तो स्कूटर दुरुस्तीला न्यायचा. दोघांची सुट्टी एकत्र अशी क्वचितच यायची.

आजची सुट्टी मात्र तिने मनानेच रचली होती. काखेजवळ गाठ हाताला लागली होती. आज सुई घालून तिचा तुकडा काढायचा होता. सासूबाईंचं दुखणंही अशाच एका गाठीने सुरू झालं होतं. नवऱ्याने आईचं सगळं स्वतःच्या हाताने केलं होतं, आणि ती गेल्यावर कित्येक महिने त्याला अन्न गोड लागत नव्हतं. आता कुठे तो चेष्टामस्करी करायला लागला होता. निदान रिपोर्ट येईपर्यंत तरी त्याच्या जिवाला घोर नको, असं तिने ठरवलं होतं.

तो दारात घुटमळला. बुटाची नाडी सुटली नव्हती, तरी वाकून पुन्हा बांधली.

“मग आज घरीच?”

“घरीच. कपाट आवरीन म्हणते.”

“बरं,” म्हणाला आणि जिना उतरून गेला.

दवाखान्यात तिचा नंबर आला तेव्हा नर्सने तिच्या मागेपुढे बघितलं. “सोबत कोण आहे?”

“कोणी नाही. सगळ्यांची ऑफिसं आहेत आज.”

“अहो ताई, मग तुम्हाला आत कशी घेऊ? सोबतीला माणूस असल्याशिवाय डॉक्टर सुईला हात लावत नाहीत. काल सांगितलं होतं ना?”

“मला? कधी?”

“संध्याकाळी फोन केला होता मी. तुम्ही आंघोळीला गेला होतात. मिस्टरांनी घेतला. त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं की!”

म्हणजे सकाळी दारात उभा होता तेव्हा त्याला ठाऊक होतं.

जिन्यावर बूट वाजले. नवरा धापा टाकत वर आला. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच लोंबत होतं.

“मी आहे सोबत,” तो नर्सला म्हणाला आणि बाकावर तिच्या शेजारी टेकला. बायकोकडे त्याने बघितलं नाही.

तिला त्याच्यावर चिडायचं होतं. ते काही जमेना.

“ड्यूटी?” तिने कसंबसं विचारलं.

“आमच्याकडेही आज सुट्टी आहे.”

“कसली?”

तिची गार पडलेली बोटं त्याने मुठीत धरली.

“तुमच्याकडे आहे ना, तीच.”