वाणातला पेन ड्राइव्ह

कादंबरीचा फोन आला तेव्हा नीलांबरी पोळ्या करत होती. पीठ लागलेल्या बोटानेच तिने स्पीकर लावला.

"अगं, आमच्याकडेही तेच पत्र आलंय, इंटरनेट कंपनीचं. तुमच्या घरातला कॉम्प्युटर बॉटनेटमध्ये आहे म्हणे. म्हणजे काय गं नेमकं?"

"म्हणजे कुणीतरी गुपचूप आपल्या कॉम्प्युटरमध्ये शिरतं. मग असे हजारो कॉम्प्युटर एकत्र जुंपून भलत्याच कुणावर तरी हल्ला करतं. आपल्याला पत्ताही लागत नाही."

"शैलजाकाकूंकडे पत्र आलं, ज्ञानदाकडे आलं, आता माझ्याकडे. आणि यार, आमच्या तिघींत कॉमन अशी एकच गोष्ट आहे." कादंबरी जरा घुटमळली. "तुझं वाण."

तव्यावरची पोळी करपली.

अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दरवर्षी तेच ते प्लास्टिकचे डबे लुटले जात, आणि पुढच्या वर्षी त्यातलेच काही फिरून आपल्याच घरी परत येत. यंदा नीलांबरीने शक्कल लढवली. मंडळातल्या आज्यांच्या हातच्या पदार्थांचे व्हिडिओ तिने स्वतः शूट केले, एडिट केले आणि बत्तीस पेन ड्राइव्हवर भरून बत्तीस जणींना वाण म्हणून दिले. नागपूरहून आलेले तिचे सासरे श्रीरंगराव पाच-सहा दिवस एकेका पेन ड्राइव्हला लाल दोरा बांधत बसले होते. नीलांबरी कंपनीत सायबर सिक्युरिटीचं काम करायची. तिच्या हातून आलेला पेन ड्राइव्ह लावताना कुणाच्या मनात शंका येईल कशी?

त्या संध्याकाळी ती लॅपटॉप घेऊन खोलीत गेली आणि दार लावून दोन तास बसली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"आपल्याच लॅपटॉपमधून गेलंय," तिने नवऱ्याला सांगितलं.

विनयने हॉलकडे पाहिलं. बाबा टीव्हीसमोर बसले होते. "बाबांनीच काहीतरी क्लिक केलं असणार. दिवसभर एकटे असतात घरी."

"बघू," नीलांबरी म्हणाली.

बाबांना ऐकू गेलं असावं. जेवताना त्यांनी भाजी दुसऱ्यांदा घेतली नाही. पस्तीस वर्षं शाळेत मास्तरकी केलेला माणूस, पण इथे दुपारी टीव्हीवर नाटक लावायलासुद्धा त्यांना नात सिया शाळेतून येईपर्यंत थांबावं लागायचं. आता तर ते रिमोटलाही हात लावेनासे झाले.

रविवारी मंडळाने लायब्ररीतली खोली घेतली. बूट आपटत, बर्फ झटकत तीसेक माणसं जमली. नीलांबरीने एकेक गोष्ट समजावून सांगितली. तो पेन ड्राइव्ह पुन्हा लावू नका. कॉम्प्युटर आधी इंटरनेटपासून तोडा, मग साफ करा. पासवर्ड बदला, पण दुसऱ्या, चांगल्या मशीनवरून. अपडेट्स पुढे ढकलू नका. फुकट मिळालेलं काही डोळे झाकून उघडू नका. शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज जरा बसला. लोक शाळकरी मुलांसारखे लिहून घेत होते.

मग कादंबरीचा नवरा अरुण उठला.

"मी तो पेन ड्राइव्ह ऑफिसच्या लॅपटॉपला लावला. आईची पुरणपोळी बघायला. आता ऑफिसमध्ये चौकशी चाललीय." तो चिडलेला नव्हता, ते जास्त वाईट होतं. "मी व्हिसावर आहे, नीलांबरी. जॉब गेला तर साठ दिवसांत दुसरा शोधायचा, नाहीतर बॅगा भरायच्या. मला एवढंच सांग, तुझ्यासारखीच्या घरात हे आलं कसं?"

सगळी खोली तिच्याकडे बघत होती. नीलांबरीला घरातली गोष्ट अशी चारचौघांत उघडी करायची म्हणजे जिवावर आलं होतं.

"म्हणजे… घरात…"

"माझ्याकडून झालं."

मागच्या रांगेत बाबा उभे होते. मफलर हातात घट्ट धरलेला.

"दुपारी करमत नाही. सिया येईपर्यंत दम निघत नव्हता. लॅपटॉपवर कुठेतरी फुकट नाटक दिसलं, मी दाबलं. सुनेचा यात काही दोष नाही. अरुण, तुझ्या साहेबाला सांगायचं तर माझं नाव सांग." त्यांनी हात जोडले. "सगळ्यांची माफी मागतो."

चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाने हात जोडल्यावर कोण काय बोलणार? अरुण खाली बसला. "अहो काका, होतं असं," शैलजाकाकू म्हणाल्या. राज नावाच्या एका तरुणाने "बॉटनेट काका" असं हळूच नाव ठेवलं आणि दोघे-तिघे हसले. बाबाही हसल्यासारखं करून बसले.

नीलांबरीने मान वर केली नाही. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं तिला झालं होतं.

परतताना विनयचा संयम सुटला. "बाबा, तिच्या लॅपटॉपला हात लावायचाच कशाला? विचारायचं तरी."

"चुकलं रे," बाबा म्हणाले.

विनय दूध घ्यायला दुकानात गेला. गाडी चालू होती, हीटर घरघरत होता. नीलांबरी पुढच्या सीटवर, बाबा मागे.

"बाबा," ती मागे न वळता म्हणाली, "त्या लॅपटॉपचा पासवर्ड माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. व्हिडिओ एडिट करायला चोरीचं सॉफ्टवेअर मीच उतरवून घेतलं होतं, त्यातूनच हे आलं. तुम्ही का म्हणून…"

बाबांनी मफलरची घडी घालून ती मांडीवर ठेवली.

"मी उभा राहिलो तेव्हा वाटलं होतं, तू मला खाली बसवशील."