शनिवारचा शोध

“मॅडम, हे कॉम्प्युटर पुस्तकंच शोधते का माणसंबी?” फडकं हातात धरून नीलाबाईनं विचारलं.

उर्वशीला हसू आलं. गडचिरोलीच्या कॉलेजात ग्रंथपाल होऊन तिला चार महिने झाले होते, आणि वाचनालयात इंटरनेट येऊन पंधरा दिवस. जगभरचं संशोधन इथं बसून वाचा, असं ती कानीकपाळी ओरडून सांगे. प्राध्यापक मंडळी मात्र त्या कॉम्प्युटरपासून चार हात लांबच. आणि पहिला खरा प्रश्न आणला कुणी, तर झाडू मारणाऱ्या नीलाबाईनं!

“माणसंही शोधतं. कोण पाहिजे?”

नीलाबाईनं दाराकडे पाहिलं आणि एका दमात बोलली, “पोरगा. तीन वर्साचा. श्याऐंशी साली बल्लारशाच्या स्टेशनवर हरवला. पाठीवर भाजल्याचा डाग आहे.”

नीलाबाईचा प्रणित तिला ठाऊक होता. डी.एड. झालेला, दुपारी आईचा डबा घेऊन येणारा गुणी पोरगा. त्याला एक भाऊही होता तर! एकोणीस वर्षं ही बाई एवढं दुःख गिळून हसतमुखानं कामाला येत होती.

हरवलेल्या लेकरांची एक साइट सापडली. उर्वशीनं पानांमागून पानं पालथी घातली.

“नाही हो, नीलाबाई.”

“नाई ना?” तिनं डोळे मिटले. “जाऊ द्या मंग.”

पुढं दर शनिवारी ठरलेलंच. “मॅडम, तेवढं पाहून घ्या.” उर्वशीनं नाही म्हटलं की ती कॉम्प्युटरला हात जोडायची आणि कामाला लागायची. दसऱ्याला तर तिनं सगळ्यांच्या आधी त्यालाच कुंकू लावलं. काय म्हणावं या श्रद्धेला! उर्वशीला भरून यायचं.

“आपणच त्याची माहिती साइटवर टाकू,” ती एकदा म्हणाली. “फुकट आहे.”

“नको!” नीलाबाई एवढ्यानं ओरडली की वाचत बसलेली पोरं वळून पाहू लागली. मग ती हळूच म्हणाली, “काऊन उगीच आस लावाची? प्रणितले यातलं काही मालूम नाई. तुम्हीबी सांगू नका.”

ऐकेल ती उर्वशी कसली! त्याच संध्याकाळी तिनं गुपचूप सगळं भरलं. साल, स्टेशन, डाग. खाली वाचनालयाचा पत्ता आणि फोन नंबर. बाईला एकदम आनंदाचा धक्का देऊ, असं तिच्या मनात.

तिसऱ्या आठवड्यात फोन वाजला.

“गावच्या मास्तरनं कॉम्प्युटरवरचं वाचून दाखवलं. डाग पाठीवर डाव्या बाजूले आहे का?” एका म्हाताऱ्या माणसानं विचारलं.

डावी बाजू उर्वशीनं लिहिलीच नव्हती. पोराला वाढवणारीच माणसं असणार ही! “तुम्ही लगेच या,” ती म्हणाली. पलीकडून नुसतं “येतो” आलं आणि फोन बंद झाला.

मंगळवारी दुपारी कोरपन्याहून एक म्हातारं जोडपं एसटीनं आलं. उर्वशीनं नीलाबाईला हाताला धरून ओढतच आणलं. डबा घेऊन आलेला प्रणितही मागोमाग आला.

“नीलाबाई, तुमचा पोरगा सापडला! यांनी सांभाळला त्याला!”

म्हातारी बावरली. तिच्या हातात एका लहानग्याचा फोटो होता. “आम्ही कुठी सांभाळला, बाई? आमचाच त पोरगा हरवला. मी स्टेशनच्या नळावर पाणी भराले गेली, तेवढ्यात. तुमच्याजवळ आहे म्हणून धावत आलो.”

उर्वशी नीलाबाईकडे वळली. “मग नीलाबाई, इतके शनिवार तुम्ही कोणाला शोधत होतात?”

नीलाबाईनं प्रणितचा दंड दोन्ही हातांनी घट्ट धरला.

“शोधत नोती, मॅडम. याले कोणी शोधून राह्यलं का, तेवढं पाहत होती.”