साक्षीची जागा

"पिंजरा कुठाय रे इथं?" आईनं खोलीभर नजर फिरवून धाकट्याला हळूच विचारलं.

धाकटा खुर्च्या बनवणारा. कुठल्याही खोलीत शिरला की त्याची नजर आधी लाकडाकडं जायची. न्यायाधीशांचं टेबल, वकिलांची टेबलं, मागची बाकं, सगळं त्यानं कधीच बघून घेतलं होतं. साक्षीदार ज्यात उभा राहतो तो पिंजरा मात्र या खोलीत नव्हताच. खालच्या कोर्टात होता, तिथं तो स्वतः घाम पुसत उभा राहिला होता. हे अपिलाचं कोर्ट, आणि इथं साक्षीदाराला जागाच ठेवलेली नाही, हे शहाण्याच्या आत्ता लक्षात येत होतं.

महिनाभर त्यानं आईची तयारी करून घेतली होती. कारखान्यात उंच पाठीची एक खुर्ची घ्यायची आणि आईनं तिच्या मागं उभं राहून पाठीला धरायचं. "कठडा असा घट्ट धर, म्हणजे पाय लटपटणार नाहीत." मग आई सुरू करायची, "खरं सांगेन. ह्यांनी जाताना सांगितलं, घर थोरल्याला दिलं, आता कारखाना धाकट्याचा." एवढं म्हणून ती थांबायची. पुढचं काय, असं विचारलं तर म्हणायची, "ते तिथंच सांगेन." धाकटा म्हणायचा, एवढंही पुष्कळ झालं.

पुष्कळ होतंच. घर थोरल्याच्या नावावर आधीच झालं होतं, पण कारखान्याचं वडील फक्त तोंडानं बोलले होते. थोरल्यानं त्यातही निम्मा वाटा मागितला आणि खालच्या कोर्टानं तो दिला, कारण वडिलांचं बोलणं ऐकलेला एकही साक्षीदार पुढं आला नव्हता. आता एका कारखान्याचे दोन कारखाने होत नाहीत. विकायचा आणि वाटून घ्यायचा. धाकट्याचं बिऱ्हाड त्याच कारखान्याच्या माळ्यावर होतं, म्हणजे काम गेलं की डोक्यावरचं छप्परही गेलं.

न्यायाधीश बाईंनी आईची साक्ष घेण्याचा अर्ज वाचला. "खाली दावा चालू होता तेव्हा या आजारी होत्या?"

"नाही," वकील म्हणाले.

"परगावी होत्या?"

"नाही."

"मग तेव्हा का नाही आणलं यांना?"

वकील उगाच कागद चाळू लागले. धाकट्याला राहवलं नाही, तो उठून उभा राहिला.

"मॅडम, आईला कोर्टात कसं ओढायचं? आम्ही दोघा भावांनी ठरवलं होतं तसं."

खरंच ठरवलं होतं. दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते, तरी दावा लागल्यावर थोरला कारखान्याच्या दारात येऊन म्हणाला होता, "आपलं काय व्हायचं ते होऊ दे, आईला यात आणायचं नाही." धाकट्याला तेव्हा भरून आलं होतं. काही झालं तरी भाऊ आहे, असं त्यानं बायकोला दोनदा सांगितलं होतं. आत्ता त्यानं मागं वळून पाहिलं, तर थोरला खाली मान घालून चष्मा पुसत होता.

"ती इथंच आहे, मॅडम. एकदाच विचारा हो तिला. पाया पडतो तुमच्या."

"बसा," बाई म्हणाल्या. रागावून म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "तेव्हा आणता येत होतं आणि तुम्ही आणलं नाही. अपिलात आता ते उकरता येत नाही."

अर्ज नामंजूर झाला. अपील फेटाळलं. खालचा निकाल कायम. पुढचं प्रकरण पुकारलं गेलं आणि यांच्या बाकावर दुसरी माणसं येऊन बसलीसुद्धा.

बाहेर जिन्यापाशी वकील म्हणाले, "वरच्या कोर्टात जाता येईल, पण तिथं तर कायद्याचा मुद्दा लागतो, तो आपल्याकडं नाही." आणि घड्याळ बघत निघून गेले. धाकटा पायरीवर मटकन बसला. घरी जाऊन बायकोला काय सांगायचं, माळ्यावरचा संसार उचलून कुठं न्यायचा, त्याला काही म्हणता काही सुचेना.

"सगळं संपलं गं, आई," तो म्हणाला आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची पर्वा न करता रडू लागला.

"पण माझं बोलायचं राहिलंय ना."

"आता कोण ऐकतंय तुझं?"

तेवढ्यात थोरला आपल्या वकिलाशी बोलत बाहेर आला. या दोघांना पाहून तो अंग चोरून जिना उतरू लागला. आईनं जिन्याचा कठडा दोन्ही हातांनी धरला. शिकवला होता तसाच, घट्ट.

"खरं सांगेन," ती म्हणाली. आवाज मुळीच कापत नव्हता. "ह्यांनी जाताना सांगितलं, घर थोरल्याला दिलं, आता कारखाना धाकट्याचा. धाकटा तेव्हा डॉक्टरांना आणायला पळाला होता. ह्यांना बसवत नव्हतं. मी पाणी पाजत होते, आणि मागं उशी धरून एकजण बसला होता. त्यानंही ऐकलं."

थोरला दोन पायऱ्या खाली जाऊन थांबला होता.

"कोण, आई?" धाकट्यानं विचारलं. विचारता विचारताच त्याला कळलं, आणि थोरल्याचं कारखान्याच्या दारातलं ते बोलणंही कळलं. "इतके दिवस बोलली का नाहीस?"

"एका लेकराचं दुसऱ्यापाशी काय सांगायचं? विचारतील तिथं सांगणार होते."

मग तिनं थोरल्याकडं पाहिलं. "माझं झालं," ती म्हणाली, आणि कठडा न सोडता एक पाऊल सरकून तिनं शेजारी त्याच्यासाठी जागा केली.