दीड बोट

"काका, आ करा."

"केलं न वं."

कामिनीनं मोबाईल आणखी जवळ नेला. पडद्यावर पिवळं कडं होतं. रुपरावांची जीभ त्या कड्यात आली की फोटो आपोआप निघणार होता. जीभ काही येईना. दातांच्या दोन रांगांमध्ये दीड बोटाची फट होती आणि रुपराव मान मागे टाकून, खुर्चीचे हात घट्ट धरून तेवढी फट जीव लावून दाखवत होते. "कृपया तोंड पूर्ण उघडा," अ‍ॅपमधली बाई आठव्यांदा म्हणाली. तिचा आवाज पहिल्या वेळेइतकाच गोड होता.

तांडापेठेतल्या समाजभवनात सकाळपासून तोंडाच्या कॅन्सरची तपासणी चालू होती. दोनशे अकरा माणसं झाली होती. दोनशे बारावे रुपराव अर्ध्या तासापासून खुर्चीत होते.

कामिनी याच वस्तीतली, आरोग्य खात्याची आशाताई. प्रशिक्षणात तिला शिकवलं होतं, की उभी तीन बोटं तोंडात मावली नाहीत तर बाकी काही बघत बसू नका, माणूस मोठ्या दवाखान्यात पाठवा. अ‍ॅप बनवणाऱ्यांचं प्रशिक्षण बहुधा दुसरीकडं झालं असावं. माणसाचं तोंड उघडतंच, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. टॉर्चच्या उजेडात डाव्या गालाच्या आत जेवढं दिसलं तेवढं पांढरं होतं, आणि पांढऱ्याच्या मधोमध लाल चट्टा.

"तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद आहे का काका?"

"सोडला. सहा महिने झाले," रुपराव ऐटीत म्हणाले.

"सोडला कायचा!" मागे उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोनं, जयवंताबाईंनी, मध्येच तोडलं. "तोंडातच जात नाई म्हणून सुटला. वरणात भात पातळ कालवून देऊन राहिली मी. पेल्यानं पितेत."

कामिनीनं डेटा बघणाऱ्या दुर्गेशसरांना फोन लावला. तोंड उघडत नसेल तर अ‍ॅपमध्ये काय भरायचं?

"तसा पर्याय नाही मॅडम. गैरहजर आहे, नकार आहे, स्थलांतरित आहे, मृत आहे. यातलं काय आहे?"

"माणूस समोर बसून आहे सर."

"मग यातलं काहीच नाही. फोटो घ्या. पाचच्या आत वस्ती शंभर टक्के पाहिजे, वरून विचारून राहिले."

तिनं फोन ठेवला. "काका, फोटो राहू द्या. उद्या मोठ्या दवाखान्यात जा. मी सांगून राहिली न तुम्हाले."

"फोन काय म्हणते?"

"फोन काहीच नाही म्हणत."

"मंग तू काहून म्हणून राहिली?"

रुपराव पूर्वी मागावर लुगडी विणायचे. आता गांधीबागेत एका कापडाच्या दुकानात थानं उचलतात. एक खाडा पडला की मालक आठवडाभर ऐकवतो. "मशीननं म्हटलं तं उद्याच्या उद्या जातो. इमानानं. पन तू? तू तं फ्रॉक घालून माह्या मागाखाली लपत होती वं. तुह्या म्हणण्यावर खाडा पाडू का मी?"

'दवाखान्यात पाठवा' हे बटन फोटोच्या पुढच्या पानावर होतं. फोटोशिवाय पान उलटत नव्हतं. कामिनीनं घड्याळाकडं पाहिलं, मग जयवंताबाईंकडं.

"काकू, तुम्ही बसा. तुमचा फोटो घेते. पान उलटलं की मी बटन दाबते."

"घे न. चाळीस वर्षं झाले, ह्यांच्या जागी मीच तं बोलून राहिली."

रुपराव हसले. हसू नाकातूनच बाहेर पडलं.

जयवंताबाईंनी आ केला. कडं लगेच हिरवं झालं, फोटो निघाला, पान उलटलं. कामिनीनं बटन दाबलं. पण अ‍ॅपनं आधी फोटो स्वतः तपासला, चार सेकंदांत. 'दोष आढळला नाही. पाठवण्याची गरज नाही.'

रुपरावांच्या खिशात मोबाईल वाजला. त्यांनी संदेश आधी मनात वाचला, मग मोठ्यानं. "'श्री. रुपराव, आपले तोंड निरोगी आहे. पुढील तपासणी पाच वर्षांनी.'" रांगेतल्या एकानं त्यांच्याशी हात मिळवला.

"काका, तो फोटो काकूंचा आहे."

"नाव तं माहं आहे न?"

"अवो, तोंड माहं होतं," जयवंताबाई म्हणाल्या. आता त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. "तुमच्यासमोर तं काढला तिनं."

"सरकारी मशीन आहे. त्याले एवढं समजत नसन का?"

नोंद पुसायची सोय फक्त दुर्गेशसरांकडं होती. कामिनीनं पुन्हा फोन लावला. "बसली न नोंद? आता शंभर टक्के नक्की! अभिनंदन मॅडम," असं म्हणून त्यांनी तो ठेवलाही.

मग तिनं वहीचं पान फाडलं आणि ठळक अक्षरात दवाखान्याच्या नावाची चिठ्ठी लिहिली. 'तातडीचे' या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या. रुपरावांनी ती हातात घेतली, तिचा मान राखून पूर्ण वाचली आणि टेबलावर परत ठेवली.

"ज्याले लागन त्याले दे बाई."

जयवंताबाई अजून खुर्चीतच होत्या. पुढचा माणूस त्यांच्या उठण्याची वाट पाहत उभा होता.

रुपराव दारापर्यंत गेले आणि काही आठवल्यासारखे वळले.

"पाच वर्षांनी तूच येशीन न वं? दुसऱ्या कोणाले नोको पाठवू. तुहा हात हलका आहे."