कमलबाईची सवत

"घे माय, घे," म्हणत लोटनने गुळाचा खडा घोडीच्या ओठांशी धरला, आणि शेणाची टोपली घेऊन उभ्या असलेल्या कमलबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. लग्नाला अकरा वर्षं झाली. तेवढ्या वर्षांत या माणसाने भाजी बरी झाली असंही कधी म्हटलं नव्हतं. मुलखाचा घुमा. तो बोलेना, म्हणून तिनेही बोलणं सोडलं होतं. पण घोडीपाशी गेला की त्याच्या जिभेला पाझर फुटायचा.

घोडी पाचोऱ्याच्या रुपचंद नानांची. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, मोटार धूळ खात पडली, म्हणून त्यांनी ही तांबडी घोडी घेतली होती. ती पाठीवर माशी बसू देईना, म्हणून तिला शिकवायला लोटनकडे आणून ठेवलं होतं. दसऱ्यापर्यंत तिने स्वार घेतला नाही तर तिला जळगावच्या टांगेवाल्याला देणार, असं नानांनी बजावलं होतं. लोटनच्या घराण्यात तीन पिढ्या घोडे फिरवायचं, त्यांना स्वारीला तयार करायचं काम. हरून परत पाठवलेलं जनावर एकही नव्हतं. तो पहाटे खरारा करी, खूर साफ करी, भिजवलेले हरभरे हाताने भरवी आणि वाळूचं पोतं अलगद तिच्या पाठीवर ठेवी. ती ते पाडी. तो पुन्हा ठेवी.

"जनावरवर वरडानं नही," एवढाच त्याचा नेम.

दुपारी तो गवत कापायला गेला की कमलबाईचं राज्य सुरू होई. शेण काढता काढता ती घोडीच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. "नवरा मना, आनि लाड तुना? सरक, सटवे." बसून खातेस तर कामाला ये, म्हणून धुतलेल्या ओल्या गोधड्या ती तिच्याच पाठीवर वाळत टाकी. पहिले काही दिवस घोडी उसळली. पुढे शिव्या सुरू असल्या की ती निमूट उभी राहू लागली. तीन महिने हे चाललं, आणि लोटनला पत्ता नव्हता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी नाना आले. लोटनने चुचकारलं, गूळ दिला, रिकिबीत पाय घातला. घोडीने त्याला तीनदा मातीत लोळवलं. नाना जायला उठले. लोटन मान खाली घालून धोतर झटकत राहिला. सवत आपल्या पायांनी चालली होती. कमलबाईने फक्त गप्प राहायचं होतं, आणि तेच तिला जमलं नाही.

"उभी ऱ्हाय, सटवे," ती ओट्यावरून कडाडली. "मना मानूसले पाडस का?"

घोडीचे कान वळले. कमलबाईने पदर खोचून लगाम धरला आणि तोंडाचा पट्टा चालूच ठेवला. लोटन चढला. घोडी हलली नाही. मग पुढे शिव्या देणारी कमलबाई, मागे घोडी, वर लोटन, अशा अंगणात पाच फेऱ्या झाल्या.

"काम फत्ते व्हयनं, लोटन," नाना हसले. "आखो आठ दिन ठेव तिले, पक्की व्हऊ दे."

लोटन खाली उतरला. कमलबाई अजून घोडीशीच बोलत होती. तो तिच्याकडे बघत राहिला, आणि त्याचं तोंड कडू झालं.

"नही नाना. आजच लई जा तिले."

"का रे?"

"घरवाली मनासंगे कधी इतलं बोलनी नही."