बँक बुडाली तो आठवडा

बँकेच्या दारावरचं कुलूप स्वतःच्या डोळ्यांनी बघून मथुरा घरी आली, तेव्हा तिच्याकडे उतरलेले मुंबईचे पाहुणे ओट्यावर सामान बांधून बसले होते. आगबोट सकाळीच येऊन गेली होती. कुणालाच चढता आलं नव्हतं. तिकिटाला रोख पैसे लागत, आणि सगळ्यांचे चेक त्याच बँकेचे होते. मुंबईहून तार आली आणि सोमवारी देशभरातल्या सगळ्या शाखा एकदमच बंद झाल्या. पाठोपाठ आणखी दोन बँका गेल्या म्हणे.

गिरगावातल्या एका मास्तरांची बायको दमयंती पुढे आली. हातातली बांगडी काढत म्हणाली, "आमच्या जेवणाखाण्याचं एवढं तरी ठेवून घ्या."

"घाला ती हातात," मथुरा म्हणाली. "माझंही गेलंय सगळं. घरात भात आहे तोवर जेवा."

मथुराचा नवरा आगबोटीवर खलाशी होता. बॉयलरपाशी भाजून तो गेला, तेव्हा कंपनीनं दिलेले पैसे तिनं या बँकेत ठेवले होते. उन्हाळ्यात समुद्राची हवा खायला, किल्ला आणि थिबाचा राजवाडा बघायला येणाऱ्यांना ती चार खोल्या भाड्यानं देई. ती मिळकतही तिथंच. तिचा पाठचा भाऊ दादू बँकेत कारकून होता. त्याच्या भरवशावर तिनं मिरकरवाड्यातल्या हौसालाही हाताला धरून तिथं नेलं होतं. हौसा तिची लहानपणापासूनची मैत्रीण. अकरा वर्षं मासळी विकून हौसानं नव्या होडीसाठी पैसे साठवले होते. "माझा भाऊ बसतो तिथं," एवढंच मथुरा म्हणाली होती. तेवढ्यावर हौसानं कागदावर अंगठा उठवला होता.

दादूचा पत्ता नव्हता. संध्याकाळी लोक त्याच्या घरावर धोंडे घेऊन गेले. मथुरा दारात आडवी उभी राहिली. "तो साधा कारकून!" ती ओरडली. "त्याला काय ठाऊक असणार?" एक धोंडा तिच्या खांद्याला लागला. ती हलली नाही.

मंगळवारी सकाळी हौसा मागल्या दारी आली. टोपलीतले बांगडे तिनं सुपात ओतले.

"पाव्हन्यांना घाल."

पैसे घेतले नाहीत. पायरीवर बसून राहिली.

"दादूचं काय कळलं काय गो?"

"नाही."

"नि तुझ्या पैशांचं?"

"माझं काय वेगळं? तुझं झालं तेच."

हौसा तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग टोपली उचलून गेली. बुधवारी आली. गुरुवारीही आली. तशीच बसली, तेच विचारलं. आपले होडीचे पैसे बुडाले असताना ही माझ्या पाहुण्यांच्या ताटाची काळजी करते, या विचारानं मथुराला भरून आलं.

त्याच दुपारी दादू परड्यातून घरात शिरला. तीन दिवस तो सासुरवाडीला दडून होता. फडक्यात बांधलेलं पुडकं त्यानं तिच्यापुढे ठेवलं.

"बाय, तुझे सगळे. एक पै बुडाली नाही."

मथुराला आधी आनंदच झाला. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. मग विचारलं, "काढलेस कधी?"

"शनिवारी. व्याजाचा कागद म्हणून तुझी सही घेतली, ती त्याचीच. वर काय चाललंय ते आम्हाला आठ दिवस आधीच कळलं होतं."

"आणि हौसाला सांगितलं नाहीस?"

दादू खाली बघत म्हणाला, "ती शनिवारीच आली होती. सुताराला द्यायला तिला पैसे हवे होते. म्हटलं, सोमवारी ये. पेटीत तेवढेच होते, बाय. तिला दिले असते तर तुला मिळाले नसते."

मथुराचा हात खाली आला.

"ऊठ," ती म्हणाली. "परत या दारात पाऊल ठेवू नकोस."

पुडकं पदराखाली धरून ती बाहेर पडली. ओट्यावर दमयंती सगळ्यांना पानं वाढत होती. "जेवायच्या वेळी कुठं निघालात?" तिनं विचारलं. मथुराला तिच्याकडे बघवलं नाही.

मिरकरवाड्यात हौसा अंगणात मासळी वाळत घालत होती. मथुरानं पुडकं तिच्यापुढे सोडलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. "आधी तुझे घे. उरले तर माझे."

हौसानं हात पुसले. खाली बसून आपले तेवढे मोजून घेतले. उरलेले फडक्यात नीट बांधून मथुरापुढे सरकवले.

"शनवारी मी तितंच उभी व्हते गो," ती शांतपणे म्हणाली. "क्याशरनं तुझं नाव पुकारलान. दादूनं पैसे घेतलान. माझ्यासमोर."

मथुरा पुढे सरकली, तसं हौसानं हात वर करून तिला थांबवलं.

"तीन दिस तुझ्या पायरीवर येऊन बसले. म्हटलं, आज सांगेल. आज सांगेल."

"हौसे, मला आजच कळलं. आत्ता दुपारी. देवाशप्पत!"

"आज दादूला तुझ्या परड्यात शिरताना अख्ख्या बंदरानं बघितलंय," हौसा म्हणाली. "आता लपवून काय करणार व्हतीस?"

ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

मथुरा उन्हात उभी राहिली. ती खरं बोलली होती. पण त्याला साक्ष होती ती एकट्या दादूची.